लामालेरा: देवमाशांवर जगणाऱ्या गावाबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

इंडोनेशिया म्हटलं की आपल्याकडे बाली, फार तर जकार्ता, आणि बोरोबुदूर. लामालेराचं नाव काढलं की लोक आधी विचारतात हे कुठे आलं, आणि व्हेलची शिकार करतात हे कळलं की मग पुढचे सगळे प्रश्न त्याच एका विषयावर. म्हणून जे प्रश्न सारखे येतात ते इथे एकत्र लिहितोय. सगळी उत्तरं सारख्या लांबीची नाहीयेत, जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय.

हे गाव नक्की आहे कुठे?

बालीच्या पूर्वेला बेटांची एक लांबच लांब रांग आहे, लोंबोक, सुंबावा, फ्लोरेस, आणि फ्लोरेसच्या पुढे छोटी छोटी बेटं. त्यातलं एक लेम्बाता. जुन्या नकाशांवर त्याला लोम्ब्लेन म्हणतात. या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सावू समुद्राकडे तोंड करून लामालेरा बसलंय. कारभारासाठी गावाचे दोन भाग, लामालेरा अ आणि लामालेरा ब, एक वर चढावर आणि एक खाली किनाऱ्याजवळ, पण लोकांच्या बोलण्यात गाव एकच. प्रांत पूर्व नुसा तेंगारा, राजधानी कुपांग, ती तिमोर बेटावर. लेम्बाता हा वेगळा जिल्हा झाला 1999 मध्ये, त्याआधी सगळी सरकारी कामं फ्लोरेसला जाऊन करावी लागायची. जिल्ह्याचं गाव लेवोलेबा, ते बेटाच्या उत्तरेला, म्हणजे लामालेराच्या बरोबर दुसऱ्या बाजूला. मध्ये डोंगर. घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे.

तिथली जमीन कशी आहे, शेती होत नाही का?

हाच प्रश्न आधी विचारायला पाहिजे, कारण बाकी सगळं यातूनच निघतं. गावाच्या मागे ज्वालामुखीचा उभा डोंगर, पुढे काळे खडक आणि समुद्र, मधल्या पट्ट्यात घरं. सपाट जमीन जवळपास नाहीच. पाऊस साधारण डिसेंबर ते मार्च, बाकीचे महिने कोरडे. जावा-बालीची हिरवीगार भातशेती डोळ्यासमोर असेल तर ती काढून टाका, या भागाचं मुख्य पीक मका. आणि तो मकाही लामालेरात नाही, वर डोंगरातल्या गावांत पिकतो. लामालेराचे लोक मुळात इथले नाहीतच, त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वज सुलावेसीतल्या लुवुककडून निघाले, वाटेत लेपान बातान नावाच्या बेटावर राहिले, ते बेट समुद्राने गिळलं म्हणून पुढे इथे आले. जमिनीचे मालक आधीच डोंगरात होते, त्यांनी किनारा दिला. आज इतक्या पिढ्या झाल्या तरी मासेमारीच्या सीझनच्या आधी देवमाशांना बोलावण्याचा विधी त्या मूळ जमीनमालक कुळाकडूनच करून घ्यावा लागतो, व्हेलच्या आकाराच्या एका दगडापाशी. मान त्यांचा, समुद्र यांचा.

मग खातात काय? पैसा कुठून येतो?

देवमाशाचं मांस, मांटा रे (मोठा चपटा मासा), डॉल्फिन, शार्क, उडणारे मासे, आणि त्याच्या बदल्यात आलेला मका, केळी, कसावा, भाजी, थोडा तांदूळ. बदल्यात हा शब्द खरा धरायचा. दर शनिवारी वुलानदोनी नावाच्या जागी बाजार भरतो आणि तिथे आजही बराचसा व्यवहार पैशाशिवाय होतो. एका बाजूला किनाऱ्याच्या बायका सुकवलेलं मांस, मीठ आणि विड्याला लागणारा चुना घेऊन, दुसऱ्या बाजूला डोंगरातल्या बायका मका, केळी, सुपारी घेऊन. सगळ्या आल्या तरी लगेच सुरू नाही करायचं, बाजाराचा माणूस आधी जागेचा कर घेतो, मग शिट्टी वाजवतो, आणि मग अदलाबदल सुरू. दर ठरलेले असतात, मांसाच्या एका तुकड्याला इतकी कणसं असे, घासाघीस फार होत नाही.

बाजाराचा दिवस सोडून बायका डोक्यावर टोपली घेऊन स्वतः वरच्या गावांत चढून जातात, पहाटे निघून, तासन् तास चालत, ओळखीच्या घरी जायचं, मांस द्यायचं, मका घेऊन उतरायचं. ही ओळख आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे येते. फोटोत नेहमी भाला घेऊन उडी मारणारा माणूस दिसतो आणि गाव त्याच्यावर चालतं असं वाटतं, पण त्याने आणलेल्या मांसाचं जेवण होतं ते या बायकांच्या पायांमुळे. मांस घरात टांगून ठेवलं तर मुलं मका खाणार कुठला? माझ्या मते या गावाचा खरा आधार म्हणजे हा डोंगर-समुद्र संबंध.

रोख पैसा लागतोच, शाळेला, पेट्रोलला, मोबाईलला, लग्नाला. तो येतो बाहेर गेलेल्या माणसांकडून, थोडा विणकामातून, थोडा मासे विकून, थोडा पाहुण्यांकडून.

शिकार कशी करतात? खरंच हाताने?

हो, हाताने. होडीला त्यांच्या भाषेत तेना म्हणतात, इंडोनेशियन भाषेत पेलेदांग. लाकडी होडी, खिळा एकही नाही, फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या, शीड ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांचं विणलेलं. होडी एका माणसाची नसते, कुळाची असते, आणि किनाऱ्यावर प्रत्येक होडीला स्वतःचं छप्पर. पुढच्या टोकाला बांबूचा एक छोटा मंच, त्यावर भालेवाला उभा, त्याला लामाफा म्हणतात. व्हेल जवळ आला की लामाफा नुसता भाला फेकत नाही, भाल्यासकट स्वतः उडी मारतो, अंगाचं सगळं वजन त्या टोकावर घालून, आणि मग पाण्यातून पोहत होडीकडे परत. भाल्याला जाड दोर, तो दोर पवित्र मानतात.

सीझन मे ते ऑक्टोबर, त्याला लेवा म्हणतात. बाकीच्या महिन्यांत किनाऱ्यावरून कोणाला व्हेलचा फवारा दिसला तर तो ओरडतो "बालेओ! बालेओ!", ती हाक घराघरांतून पुढे जाते आणि हातातलं काम टाकून माणसं पळत सुटतात.

धोका किती? 1994 मध्ये व्हेलने होड्या ओढत इतक्या लांब नेल्या की माणसं खुल्या समुद्रात भरकटली, काही दिवसांनी योगायोगाने जाणाऱ्या एका क्रूझ जहाजाने त्यांना वाचवलं. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. 30 एप्रिलला संध्याकाळी किनाऱ्यावर समुद्रात गेलेल्यांसाठी मिसा होते, आणि दुसऱ्या दिवशी, 1 मेला, सीझन सुरू करायची मिसा.

मिसा? म्हणजे ख्रिश्चन आहेत का?

कॅथलिक. मिसा म्हणजे त्यांची सामूहिक उपासना. फ्लोरेस आणि आसपासची बेटं बहुतांश कॅथलिक आहेत, जरी देश मुस्लिमबहुल असला तरी. लामालेरात पहिले बाप्तिस्मे 1886 मध्ये झाले, आणि 1920 च्या दशकात फादर बर्नार्डस बोडे नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या काळात धर्म पक्का रुजला. रविवारी शिकारीला जात नाहीत. किनाऱ्यावर सेंट पीटरचं छोटं चॅपल आहे, तोही मच्छीमारच. पण पूर्वजांचे विधी संपलेले नाहीत, दोन्ही एकत्र चालतं. लामाफाने घरात बायकोशी भांडण ठेवून समुद्रात जायचं नाही, गावात कोणाशी वैर असेल तर आधी मिटवायचं, नाहीतर भाला लागत नाही आणि अपघात होतो असं मानतात. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, दहा-बारा माणसं एका होडीत जीव मुठीत धरून बसणार असतील तर मनात अढी नकोच.

देवमासा सापडला की कोणाचा?

सगळ्यांचा, पण वाट्टेल तसा नाही. कुठला भाग कोणाचा हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. लामाफाचा वाटा, वल्हवणाऱ्यांचा, होडी ज्या कुळाची त्यांचा, भाल्याचं लोखंड घडवणाऱ्या लोहाराचा, शीड विणणाऱ्याचा, जमीनमालक कुळांचाही. मग ज्यांना वाटा मिळाला ते पुढे नातेवाइकांना, शेजाऱ्यांना देतात, विधवांच्या आणि बापाविना मुलांच्या घरी पोचवतात. इथे ज्या देवमाशाची शिकार होते त्या स्पर्म व्हेलचा मोठा नर पंधरा-सोळा मीटर लांब आणि चाळीस टनांच्या घरात असतो, तेव्हा एक मासा म्हणजे गावाची बरीच आठवड्यांची सोय, आणि डोंगरातल्या गावांचीही. कापून पट्ट्या करतात, बांबूवर वाळत टाकतात, खाली गळणारं तेल गोळा करतात. वास सहन व्हायला नवख्या माणसाला वेळ लागतो.

म्हातारी, एकटी बाई असेल तिला कोणी दया म्हणून देत नाही, तिचा तो हक्क असतो. गरीब गावात हे टिकलंय ही गोष्ट मला व्हेलच्या आकारापेक्षा मोठी वाटते.

हा तोच मासा का ज्याच्या उलटीच्या बातम्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातून येतात?

हो तोच, स्पर्म व्हेल. लामालेरात त्याला कोतेक्लेमा म्हणतात. आपल्याकडे व्हेलची उलटी म्हणून जे पकडतात ते अंबरग्रीस याच प्राण्याच्या आतड्यात तयार होतं, आणि भारतात त्याचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आणि हो, मासा म्हणायची सवय असली तरी तो सस्तन प्राणी. निळ्या देवमाशाला मात्र लामालेरात हात लावत नाहीत, त्यांच्या पूर्वजांवर त्याचे उपकार आहेत अशी समजूत आहे, तेवढी शपथ ते पाळतात.

पण व्हेल मारणं बेकायदेशीर नाही का? थांबवत का नाहीत?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त तापवणारा. जरा सविस्तर.

व्हेलच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशनचा इंडोनेशिया सदस्य नाही. देशाच्या कायद्यात व्हेल, डॉल्फिन संरक्षित आहेत, 1999 च्या नियमांपासून. मांटा रे 2014 पासून पूर्ण संरक्षित. पण लामालेराची शिकार पोटापुरती आणि परंपरेची मानून सरकार तिच्याकडे कानाडोळा करत आलंय. सावू समुद्रात राष्ट्रीय सागरी उद्यान करायचं ठरलं तेव्हा गावाने जोरात विरोध केला आणि शेवटी त्यांचं पाणी त्यातून वगळलं गेलं. म्हणजे परवानगी आहे असंही नाही आणि बंदी आहे असंही नाही, आणि असं अधांतरी जगणं कुठल्याही गावाला वाईट, कारण उद्या कोणी अधिकारी बदलला की काय होईल सांगता येत नाही.

संख्या बघा. एखाद्या वर्षी वीस-पंचवीस, एखाद्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. विसाव्या शतकात कारखाना-जहाजांनी जगभरात लाखो स्पर्म व्हेल मारले, त्याच्यापुढे हे काहीच नाही. व्हेलचा जीव स्वस्त आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, तो प्राणी हुशार आहे, कळपाने राहतो, पिल्लं सांभाळतो, आणि ती शिकार बघणं कठीण आहे. पण लांब बसून "दुसरं काहीतरी खा" म्हणणाऱ्याने आधी त्या उतारावर काय पिकतं ते बघावं. मांटा आणि डॉल्फिनचं मात्र वेगळं, तिथे इंजिनच्या होड्या आल्यापासून पकड वाढायचा धोका खरा आहे आणि बाहेरचे व्यापारी मांटाच्या गिल्सना, म्हणजे कल्ल्यांना, भाव देतात, त्यावर गावाने स्वतःच कडक व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

एक जुनी गोष्ट इथे आठवते. 1970 च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने गावाची शिकार आधुनिक करायची म्हणून नॉर्वेचा अनुभवी व्हेलर आणि इंजिनची बोट, तोफ असलं सगळं पाठवलं. मांस बक्कळ आलं, पण वाटा कोणाचा, होडी कोणाची, काम कोणाला, सगळी घडीच विस्कटली, आणि तो प्रकल्प बंद पडला. त्याच जगाने पुढच्या काही वर्षांत व्हेल वाचवा म्हणायला सुरुवात केली. गावकऱ्यांनी बाहेरच्या सल्ल्यावर चटकन विश्वास का ठेवावा, सांगा.

आता इंजिनच्या होड्या आल्यात म्हणता, मग परंपरा उरलीय कुठे?

आल्यात, त्यांना जॉन्सन म्हणतात. साधारण 2000 नंतर वाढल्या. रोजच्या माशांसाठी, जाळी टाकायला त्याच वापरतात. जुन्या लोकांचा आग्रह असा की स्पर्म व्हेलवर भाला तेनावरूनच पडला पाहिजे, इंजिनच्या बोटीने तेनाला ओढत न्यावं इतपत ठीक. यावरून गावात वाद होतात आणि ते वाद बरे आहेत, गाव जिवंत असल्याचं लक्षण. खरी अडचण दुसरीच: इंजिनला चार-पाच माणसं पुरतात, तेनाला दहा-बारा लागतात. जिथे माणसं कमी लागतात तिथे वाटेही कमी पडतात. वर पेट्रोल रोख पैशाने घ्यायचं, मक्याच्या कणसावर मिळत नाही.

तरुण पोरं गावात राहतात का?

बरीच जात आहेत, आणि हे आजचं नाही. मिशनच्या शाळा लवकर आल्यामुळे शिक्षण इथे जुनं आहे, गावाने कितीतरी शिक्षक, पाद्री, नन, सरकारी नोकर दिलेत. इंडोनेशियात ज्यांची व्याकरणाची पुस्तकं शाळा-कॉलेजात पिढ्यांनी वाचली ते भाषातज्ज्ञ गोरिस केराफ लामालेराचे. आणि देशाचे 1999 ते 2001 या काळातले पर्यावरण मंत्री सोनी केराफ, तेही याच गावचे. व्हेल मारणाऱ्या गावातून पर्यावरण मंत्री, हे वाचून लोक चकित होतात, पण यात विसंगती नाही, समुद्रावर ज्याचं पोट आहे त्याला समुद्राची काळजी इतरांपेक्षा जास्तच.

न शिकलेल्यांचा रस्ता वेगळा. या सगळ्या भागातून पुरुष पिढ्यान् पिढ्या मलेशियाच्या सबाह राज्यात मळ्यांवर, बांधकामावर जातात. कागदपत्रं अर्धवट असतात. 2002 मध्ये मलेशियाने कागद नसलेल्यांना हाकललं तेव्हा सरहद्दीवरच्या नुनुकान बेटावर हजारो कामगार अडकून पडले, आजारपणं झाली, माणसं मेली, आणि त्यात पूर्व फ्लोरेस-लेम्बाताकडचे खूप होते. तरी लोक जातात. मुली घरकामाला जातात, दलालांच्या हातात सापडतात, हा प्रांत त्यासाठी देशभर बदनाम आहे. मला या विषयाचा सगळ्यात जास्त त्रास होतो, व्हेलवर इतके लेख निघतात आणि या पोरींवर किती.

गावाला सरकारकडून काही मिळतं का?

मिळतं, आणि पूर्वीपेक्षा बरंच. 2014 च्या ग्राम कायद्यानंतर 2015 पासून केंद्राकडून प्रत्येक गावाला थेट दरवर्षी निधी येतो, 2020 नंतरच्या काही वर्षांत तो सरासरी एक अब्ज रुपियाच्या जवळपास होता, आपल्या हिशोबाने पन्नास-साठ लाखांच्या आसपास. रस्ता, पाणी, अंगणवाडीसारखी केंद्रं, गावाच्या मालकीचा छोटा धंदा, यातून करता येतो. गावाचा प्रमुख निवडून येतो, मुदत सहा वर्षं होती, 2024 च्या दुरुस्तीने आठ केली. आरोग्य विमा 2014 पासून देशभर लागू. पण मोठं दुखणं निघालं तर डोंगर ओलांडून लेवोलेबा, तिथे नाही झालं तर विमानाने नाहीतर जहाजाने कुपांग. कुपोषणात हा प्रांत देशात सगळ्यात मागे राहिलेल्यांपैकी आहे, आणि त्याच वेळी आपण व्हेलचं प्रोटीन बंद करा म्हणतो.

टुरिझमवर गाव उभं राहील का?

एकट्यावर नाही, आणि राहू नये. होमस्टे आहेत, घरीच राहायचं, घरचंच जेवण. पैसे देऊन होडीवर बसता येतं. पण पाहुणे मुख्यतः सीझनमध्ये येतात, समुद्र खराब झाला की फेऱ्या रद्द, बेट दूर. व्हेल बघायचं टुरिझम करा, मारू नका, असा सल्ला खूप जण देतात, ऐकायला छान, पण त्याचा पैसा बोटवाल्याला आणि खोलीवाल्याला मिळेल, डोंगरातल्या मकेवालीला नाही, शेजारच्या म्हातारीला नाही. वाट्याची जी पद्धत मांसाला आहे ती पैशाला बसवता आली तरच त्यात अर्थ.

मला जास्त आशा विणकामाची वाटते. इथल्या बायका कापूस कातून, झाडापाल्याच्या रंगात सूत बांधून रंगवतात आणि मग विणतात, इकत पद्धत. त्यावर होडी, व्हेल, मांटा. चांगलं लुगडं व्हायला महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. आपल्याशी याचं एक खरं नातं आहे: गुजरातचं पटोला हे रेशमी कापड शेकडो वर्षांपूर्वी व्यापारातून या बेटांवर पोचलं, कुळांच्या घरात वारसा म्हणून जपलं गेलं आणि त्याची नक्षी इथल्या विणकामात उतरली. लग्नात नवऱ्याकडून हस्तिदंत द्यायचा, तोही बाहेरून आलेला, बेटावर हत्ती कुठला, आणि मुलीकडून ही विणलेली वस्त्रं. दलाल वगळून हे कापड योग्य भावाला विकलं गेलं तर घरातली मुलगी सबाहला न जाता शिकू शकते, हे हवेतलं बोलणं नाहीये, विणकामाच्या पैशातून फी भरणाऱ्या आया आजही आहेत.

वादळं, ज्वालामुखी यांचा त्रास?

बेटाच्या उत्तरेकडे इली लेवोतोलोक, त्याचा मोठा उद्रेक नोव्हेंबर 2020 मध्ये झाला, आणि एप्रिल 2021 मध्ये सेरोजा चक्रीवादळात त्याच डोंगराच्या उतारावरून दगड-चिखल खाली येऊन गावं गाडली गेली, बरीच माणसं गेली. लामालेरा दुसऱ्या बाजूला असल्याने वाचलं, पण नातीगोती बेटभर आहेत.

जायचं असेल तर?

मुंबईहून बाली, बालीहून कुपांग, तिथून छोट्या विमानाने लेवोलेबा. किंवा फ्लोरेसच्या लारांतुकाहून बोट. लेवोलेबाहून पुढे गाडी किंवा ट्रक, रस्ता पूर्वी भयंकर होता आता सुधारतोय, तरी काही तास धरा. भारतीयांना विमानतळावर 30 दिवसांचा व्हिसा मिळतो, फी 5 लाख रुपिया. रोख पैसे लेवोलेबातच काढून ठेवा. मच्छर मारायचं औषध घ्या, मलेरिया या प्रांतात आहे. विमानाची वेळ घट्ट धरून प्लॅन करू नका, मधे एक-दोन दिवस मोकळे ठेवा.

व्हेल दिसेलच असं नाही, आठवडाभर बसून कोरडे परत गेलेले खूप आहेत. मांस कापत असताना किंवा होडीच्या छपराखाली शिरण्याआधी विचारा, फोटोलाही विचारा, दोर आणि भाल्याला हात लावू नका. शनिवार मिळत असेल तर वुलानदोनीला नक्की जा, शिट्टी वाजायच्या आधी पोचा, आणि कापड घ्यायचं तर जिने विणलंय तिच्याकडूनच घ्या, किंमत ती सांगेल ती.